वाचकांचे प्रश्न : निवृत्तीनंतरचा प्रवास आणि मुलांसाठी ठेवायचा पैसा

साठवलेल्या पैशातून आता फिरावे, की तो मुलानातवंडांसाठी राखावा, असे विचारणारी पत्रे या सदराकडे सातत्याने येत आहेत. त्यांपैकी तीन पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी ६२ वर्षांची असून जिल्हा परिषदेच्या शाळेतून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. यजमान ६६ वर्षांचे आहेत. ते एका सहकारी साखर कारखान्यात हिशेब विभागात होते. मला दरमहा ३८,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते, त्यांना भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतून २,४०० रुपये मिळतात. औषधांसह घरखर्च ३६,००० रुपयांच्या आसपास जातो. राष्ट्रीयीकृत बँकेत ४० लाखांच्या ठेवी आहेत, गावातील पतसंस्थेत १२ लाख आणि म्युच्युअल फंडात १० लाख. साताऱ्यातील घर यजमानांनी स्वतःच्या कमाईतून बांधले. वाईजवळ दोन एकर वडिलोपार्जित जमीन आहे. मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला, तीन नातवंडे. शाळेच्या सहलींपलीकडे आम्ही फारसे काही पाहिलेले नाही. केदार-बद्री, लेह, कंबोडियातील अंगकोरची मंदिरे आणि जमल्यास एकदा युरोप असे मनात आहे. मात्र मुलाला मोठा फ्लॅट घ्यायचा असून त्याने १५ लाखांची मदत मागितली आहे. मुलगी म्हणते, "आई, तुम्ही फिरून या, आमचं आम्ही बघू." प्रवासाची चौकशी करायला निघाले की आपण नातवंडांच्या तोंडचा घास काढतो आहोत असे वाटते आणि मी माघारी येते. किती खर्च करावा आणि मुलांसाठी किती ठेवावे? (एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : आपण जावे आणि लवकर जावे. आपण दिलेल्या आकड्यांवरून पुढची दहा वर्षे दरवर्षी पावणेदोन लाखांपर्यंत प्रवासावर खर्च करणे आणि त्याखेरीज परदेशातील मोठ्या प्रवासांसाठी १० लाख रुपये बाजूला काढणे आपल्याला परवडते. मुलाला १५ लाख देणे मात्र परवडत नाही. हे कशावरून म्हटले ते सविस्तर मांडत आहे, कारण हाच हिशेब आपल्याला मुलांसमोर ठेवता आला पाहिजे.

सर्वांत आधी विचार करायचा तो आपल्या दोघांपैकी जो मागे राहील त्याचा. आपल्या घरातले मुख्य उत्पन्न पत्नीचे आहे, आणि म्हणूनच सर्वसाधारण घरांतला अंदाज येथे चालत नाही. निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे असते, तर कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे ३० टक्क्यांच्या दराने मिळते. म्हणजे उद्या यजमान एकटे राहिले, तर आजच्या ३८,००० रुपयांच्या जागी त्यांच्या हाती ढोबळमानाने २३,००० रुपये येतील. दोघांचा खर्च एकावर आला म्हणून तो निम्मा होत नाही. घरपट्टी, वीज, डागडुजी तशीच राहते, आणि एकट्या पुरुषाच्या घरात स्वयंपाकाला बाई लावावी लागली तर खर्च वाढतोही. आपल्या निवृत्तिवेतनावर महागाई भत्ता मिळतो, त्यामुळे आज घरखर्चाची चिंता नाही. यजमानांच्या २,४०० रुपयांत मात्र अशी वाढ होत नाही. तेव्हा ठेवींचा मोठा भाग त्यांच्या नावे नियमित उत्पन्न देईल अशा जागी असला पाहिजे.

ती जागा म्हणजे ज्येष्ठ नागरिक बचत योजना. एप्रिल २०२३ पासून या योजनेत प्रत्येकी ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. ८.२ टक्के दराने ३० लाखांवर वर्षाला २ लाख ४६ हजार, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज मिळते. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करते, पण खाते उघडताना जो दर असेल तो पाच वर्षे बदलत नाही. बँकेतल्या ठेवी जसजशा मुदतपूर्ण होतील तसतसे यजमानांच्या नावे हे खाते उघडावे आणि नामनिर्देशन फक्त आपल्या नावे करावे, म्हणजे त्यांच्या पश्चात आपल्याला ते मुदतीपर्यंत पुढे चालवता येईल. आपले निवृत्तिवेतन आणि सर्व व्याज एकत्र धरले तरी उत्पन्न १२ लाखांच्या बरेच आत राहते, त्यामुळे नव्या करप्रणालीत आयकर भरावा लागणार नाही.

पतसंस्थेतील १२ लाखांबद्दल स्पष्ट लिहितो. बँकेतील ठेवींना, त्यात सहकारी बँकाही आल्या, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थांना ते संरक्षण नाही. अध्यक्ष ओळखीचे आहेत, कर्मचारी आपलेच विद्यार्थी आहेत, व्याज एक टक्का जास्त आहे, ही कारणे मी शेकडो पत्रांत वाचली आहेत आणि त्यांतल्या काही पत्रलेखकांना पुढे स्वतःच्याच पैशासाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले आहेत. मुलांच्या वारशाची काळजी असेल, तर सर्वांत मोठा धोका या १२ लाखांना आहे. मुदत संपेल तशी ही रक्कम बँकेत किंवा टपाल खात्यात न्यावी.

आता ६२ लाखांची वाटणी अशी सुचवतो. ३० लाख वर सांगितलेल्या बचत योजनेत. १५ लाख आजारपणासाठी बँकेच्या ठेवीत, आणि त्याला प्रवासासाठी किंवा मुलांसाठी हात लावायचा नाही. ७ लाख म्युच्युअल फंडात तसेच राहू द्यावेत, कारण सगळा पैसा ठेवींत असला तर महागाई त्याला हळूहळू कुरतडत जाते. उरलेले १० लाख प्रवासासाठी वेगळ्या खात्यात ठेवावेत. बचत योजनेचे व्याज आणि निवृत्तिवेतनातील शिल्लक मिळून वर्षाला सुमारे तीन लाख हाती येतात. त्यातले सव्वा लाख आरोग्य विम्याचा हप्ता, घराची दुरुस्ती आणि थोडी नवी बचत यांसाठी ठेवले, की पावणेदोन लाख देशातल्या प्रवासाला मोकळे होतात.

या मांडणीत मुद्दलातून प्रवासावर खर्च होतात ते फक्त १० लाख. बाकीचे ५२ लाख, घर आणि जमीन तशीच राहते. नातवंडांच्या तोंडचा घास काढतो आहोत ही आपली भावना मला समजते. आपल्या पिढीतील, विशेषतः स्त्रियांना, स्वतःसाठी खर्च करण्याची परवानगी कधी कोणी दिलीच नाही. परंतु दोन मुले आणि तीन नातवंडे यांच्यात विभागल्यावर हे १० लाख कोणाच्याही आयुष्यात निर्णायक ठरणारे नाहीत. आपल्या दोघांच्या पुढच्या दहा वर्षांत मात्र ते निर्णायक आहेत.

आरोग्य विमा नसेल तर तो प्रवासाच्या आधी घ्यावा. एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांची कमाल मर्यादा उठली आहे, त्यामुळे यजमानांनाही पॉलिसी मिळू शकते; आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते. आणखी चार वर्षांनी त्यांना आयुष्मान भारत योजनेतून, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला ५ लाखांचे संरक्षण मिळेल. तरीही आजारपणाचे १५ लाख वेगळे हवेतच, कारण घरी ठेवलेली परिचारिका, फिजिओथेरपी, दातांचे काम, श्रवणयंत्र असे म्हातारपणातले पुष्कळसे खर्च विम्यात सहसा बसत नाहीत.

प्रवासाचा क्रम पैशापेक्षा शरीराने ठरवावा. गौरीकुंडाहून केदारनाथ सुमारे १६ किलोमीटरची चढण आहे आणि मंदिर साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. लेहदेखील जवळजवळ तेवढ्याच उंचीवर असल्याने तेथे पहिले दोन दिवस विश्रांतीसाठी ठेवावे लागतात. ही दोन्ही ठिकाणे येत्या दोन वर्षांत करावीत आणि निघण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी. पुढे कधी अमरनाथ किंवा कैलास मानसरोवर मनात आले, तर तेथे सत्तरीपुढे नोंदणीच होत नाही हे लक्षात ठेवावे. अंगकोरला पायऱ्या उभ्या आणि ऊन कडक. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तेथे जावे. युरोप सर्वांत शेवटी ठेवला तरी चालेल, कारण तेथे बहुतेक फिरणे बसने होते. मात्र वय वाढेल तसा प्रवास विम्याचा हप्ता वाढत जातो, आणि युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे आहे. परदेशी सहलीच्या रकमेवर टूर कंपनी टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, म्हणून काही टक्के रक्कम वेगळी घेते. ती खर्चात धरू नका. आयकर विवरणपत्र भरल्यावर ती परत मिळते. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, म्हणून तिकिटे पूर्ण दरानेच धरावीत.

पंचाहत्तरीनंतर बहुतेक जोडप्यांचा लांबचा प्रवास आपोआप कमी होतो. हा खर्च आयुष्यभर चालणारा नाही, आणि मुलांनाही हे समजावून सांगता येते.

मुलाच्या १५ लाखांविषयी. ही रक्कम दिली तर ती दोनच ठिकाणांहून निघू शकते : आजारपणाच्या ठेवीतून किंवा यजमानांच्या उत्पन्नाच्या खात्यातून. दोन्हींपैकी काहीही कमी केले आणि पुढे मोठे दुखणे आले, तर खर्चासाठी याच मुलाकडे पाहावे लागेल, आणि तेव्हा त्याच्या डोक्यावर मोठ्या फ्लॅटचे कर्ज असेल. त्याला नकार देताना हे असेच सांगावे. हात आखडता घेणे जड जात असेल तर ३ लाखांपर्यंत द्यावेत, त्याहून अधिक नको. जे द्याल ते बँकेतून द्या आणि मृत्युपत्रात त्याची नोंद करून ती रक्कम त्याच्या हिश्श्यातून वजा धरा. आपल्याकडे मुलाला आधी दिलेली रक्कम वाटणीच्या वेळी कायद्याने आपोआप वजा होत नाही. मुलगी आज "आमचं आम्ही बघू" म्हणते, हा तिचा मोठेपणा झाला. त्या मोठेपणाची किंमत तिच्याकडून वसूल होऊ नये.

मृत्युपत्र दोघांनीही आणि वेगवेगळे करावे. घर यजमानांच्या स्वकष्टार्जित कमाईचे असल्याने ते कोणालाही देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना, तसेच यजमानांच्या आई हयात असतील तर त्यांनाही, सारखा हिस्सा जातो. त्यामुळे आपल्याला राहत्या घरात मुलांबरोबरची एक हिस्सेदार म्हणून राहावे लागेल. म्हणून घरात पत्नीला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क आणि त्यानंतर मुलांना समान वाटा, असे स्पष्ट लिहावे. वाईची जमीन वडिलोपार्जित आहे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर तिच्यात मुलीचा मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे आणि यजमान केवळ स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करू शकतात. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार लाभार्थी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून ठेवावी, पुढचे वाद पुष्कळ टळतात. नामनिर्देशन म्हणजे मालकी, हा समजही दूर करावा. शेअरच्या बाबतीतही नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

आणखी एक सुचवतो, ते हिशेबाबाहेरचे आहे. नातवंडे नऊ-दहा वर्षांची झाली की दरवर्षी एकेकाला स्वतंत्रपणे बरोबर न्या, आईवडिलांशिवाय. रायगड, वेरूळ-अजिंठा, हंपी अशी ठिकाणे शिक्षिकेने नातवाला दाखवावीत याहून योग्य काय असणार? खर्च प्रवासाच्या खात्यातून करा आणि तिन्ही नातवंडांना समान संधी द्या.

प्रश्न : माझे वय ७१. पत्नीचे निधन झाले आहे. डोंबिवलीत माझ्या नावावर सुमारे ९० लाखांचा फ्लॅट आहे, ठेवी १४ लाखांच्या, पेन्शन तुटपुंजी. ठेवींच्या व्याजावर कसेबसे भागते. काशी, रामेश्वर आणि बसने नर्मदा परिक्रमा एवढेच करायचे आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, फ्लॅट बक्षीसपत्राने माझ्या नावावर करा, यात्रेचा आणि तुमचा सगळा खर्च मी करीन." नात्यातल्या एकांनी रिव्हर्स मॉर्गेज सुचवले आहे. काय करावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : फ्लॅट हयातीत नावावर करून देऊ नये. मुलाच्या हेतूविषयी मला काहीही शंका घ्यायची नाही. तो मनापासून बोलत असेल. परंतु बक्षीसपत्र नोंदले गेले की मालक तो होतो, आणि त्यानंतर त्याची नोकरी जाणे, त्याच्यावर कर्ज होणे, त्याचा घटस्फोट होणे किंवा तो आपल्याआधी जाणे, यांपैकी काहीही घडले तरी त्याची झळ थेट आपल्या डोक्यावरच्या छपराला लागते. चांगल्या मुलाच्या बाबतीतही या गोष्टी घडू शकतात. महाराष्ट्रात मुलामुलीला किंवा नातवंडांना राहते घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. हे स्वस्त पडते म्हणून पुष्कळ लोक घाई करतात. मृत्युपत्राने दिले तरी मुलाला तेच घर मिळणार आहे, आणि भारतात १९८५ पासून वारसा कर नाही. त्यामुळे घाईने वाचत काहीच नाही. मृत्युपत्र केव्हाही बदलता येते, बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही.

याला एक अपवाद कायद्याने ठेवला आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली झालेल्या कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. मात्र ही अट दस्तात लिहिलेली असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ च्या एका निर्णयात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने अधिक उदार अर्थ लावला. तरीही सत्तरी ओलांडलेल्या माणसाने न्यायाधिकरणाचे काम पाहणाऱ्या प्रांताधिकाऱ्यासमोर स्वतःच्या मुलाविरुद्ध उभे राहावे, ही वेळ येऊ देण्यापेक्षा आधीच नाही म्हणणे पुष्कळ बरे. कौटुंबिक दबावापुढे बक्षीसपत्र करावेच लागले, तर त्यात मरेपर्यंत राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट या दोन्ही गोष्टी वकिलाकडून स्पष्ट शब्दांत लिहून घ्याव्यात.

रिव्हर्स मॉर्गेज ही व्यवस्था आपल्या देशात २००७ पासून आहे. ६० वर्षांपुढील व्यक्तीने राहते घर बँकेकडे तारण ठेवायचे, बँकेने दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, आणि कर्ज फेडायचे ते मृत्यूनंतर. घरात हयातभर राहता येते, मिळणाऱ्या रकमेवर आयकर नाही, आणि नंतर वारसांनी कर्ज व्याजासह फेडले तर घर त्यांचेच राहते. बँकेने विकले तरी उरलेली रक्कम वारसांना मिळते. योजना वाईट नाही, पण व्याजावर व्याज चढत जाते. उदाहरणादाखल १० टक्के दर धरला आणि १५ वर्षे दरमहा १५,००० रुपये घेतले, तर हाती २७ लाख येतात आणि फेडायचे सुमारे ६२ लाख होतात. ठेवी संपल्या, औषधपाण्याला पैसा उरला नाही, तर मी आपल्याला हा मार्ग निःसंकोचपणे सुचवीन. यात्रेसाठी नको.

आणि आपल्या यात्रांना एवढा पैसा लागतही नाही. १४ लाखांतले दीड लाख तीन वर्षांत, दरवर्षी ५० हजार या प्रमाणे, वेगळे काढावेत. काशी आणि रामेश्वर दोन वेगवेगळ्या वर्षी, स्लीपर किंवा थर्ड एसीने, थंडीच्या दिवसांत करावेत. तिकीट काढताना वय नोंदवल्यास खालच्या बर्थसाठी ज्येष्ठांच्या कोट्याचा विचार होतो. नर्मदा परिक्रमेच्या बसगाड्या पुष्कळ निघतात. गटात कोणी डॉक्टर किंवा निदान औषधांची जाण असलेला माणूस आहे का, एवढे मात्र विचारून घ्यावे. राज्यातल्या राज्यात एसटीचे तिकीट आपल्याला आजही अर्ध्या दरात मिळते आणि वयाला ७५ पूर्ण झाली की अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेतून पूर्ण मोफत. शेगाव, पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूरच्या वाटेवरचे बहुतेक अंतर त्यातच निघते. कर्नाटकातल्या टप्प्याला मात्र ही सवलत नाही. आपल्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर राज्य सरकारच्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेसाठीही अर्ज करावा. तीत प्रत्येकी ३०,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाची तरतूद आहे.

मुलाला खरोखर खर्च करायचा असेल, तर त्याने यावर्षीचे काशीचे तिकीट काढून द्यावे आणि शक्य असल्यास बरोबर यावे. त्यासाठी फ्लॅट नावावर असण्याची गरज नाही.

प्रश्न : आमची मुलगी न्यू जर्सीत आहे, मुलगा येथेच नागपुरात. दर दोन वर्षांनी आम्ही मुलीकडे जातो. तिकिटे आमच्या पैशाने काढतो. मुलाचे म्हणणे असे, की हा पैसा बहिणीच्या वाट्याचा धरावा. शिवाय त्याच्या चार वर्षांच्या मुलीसाठी आम्ही सुकन्या समृद्धी खाते उघडावे अशी त्याची इच्छा आहे. योग्य काय? (एक दांपत्य, नागपूर)

उत्तर : मुलीला भेटायला जाण्याचा खर्च हा तुमचा खर्च आहे; तो तिला दिलेला पैसा नाही. तिकिटाचा पैसा विमान कंपनीला जातो, मुलीच्या खात्यात जात नाही. हिशेबच करायचा, तर मुलाला आईवडिलांचा सहवास आणि नातीला आजीआजोबांचा हात वर्षभर मिळतो, तोही मग कुठेतरी मांडावा लागेल, आणि असे हिशेब मांडायला बसलेली घरे पुढे फार काळ एकत्र राहत नाहीत. मुलाला हे प्रेमाने पण ठामपणे सांगावे. तिकडे राहताना स्वयंपाक, मुलांना सांभाळणे यांत तुम्ही कष्ट घेत असाल, तर एका वेळचे तिकीट मुलीने काढण्यात काही गैर नाही. तिला तसे सुचवायला संकोच करू नये.

अमेरिकेला जाताना खर्च कपातीसाठी विमा कधीही टाळू नये. भेटीवर आलेल्या परदेशी ज्येष्ठांना मेडिकेअर या तेथील ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा लाभ मिळत नाही, आणि रुग्णालयातल्या काही दिवसांच्या बिलात येथली आयुष्यभराची बचत जाऊ शकते. मुलांच्या वारशाला प्रवासामुळे खरा धोका असेल तर तो हाच आहे. पॉलिसी घेताना रक्तदाब, मधुमेह, पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, सगळे खरेखरे लिहावे. जुन्या आजाराच्या अचानक वाढलेल्या त्रासाचा समावेश आहे का, हे वाक्य पॉलिसीत शोधून वाचावे. बहुतेक दावे तेथेच अडतात.

सुकन्या समृद्धी खाते मुलीच्या वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत उघडता येते, त्यात वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येते, आणि नातीसाठी ही योजना चांगलीच आहे. मात्र ते आईवडील किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात. आजीआजोबांनी उघडलेली खाती ऑक्टोबर २०२४ पासून आईवडिलांच्या पालकत्वाखाली वळवावी लागली आहेत. तेव्हा खाते मुलाने किंवा सुनेने उघडावे आणि तुम्ही दरवर्षी झेपेल ती रक्कम त्यांच्याकडे द्यावी. पंचवीस हजार देत असाल तर न्यू जर्सीच्या नातवंडासाठीही तेवढीच रक्कम येथे तुमच्याच नावावरच्या ठेवीत ठेवा आणि मृत्युपत्रात त्याच्या नावे लिहा. तिकडच्या मुलांना सुकन्या योजना लागू होत नाही. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, नातवंडाच्या नावे थेट मुदत ठेव केल्यास तिचे व्याज आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरले जाते. नातवंड १८ वर्षांचे झाल्यावर दिलेल्या रकमेवर त्याला कर नाही आणि तिचे व्याजही त्याच्याच उत्पन्नात मोजले जाते.

दरवर्षीची ही रक्कम तुमच्या पुढच्या तिकिटांचे पैसे बाजूला काढल्यानंतरच ठरवावी.